लक्ष्मी कोणाच्या वाट्याला? दांडिया बाजारातल्या एका छापील चित्राचं प्रकरण

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातलं एक जुनं मराठी घर पाडून तिथे फ्लॅट उभे राहायचे होते. पितळी डबे, शिसवी पाळणा, लोखंडी तिजोरी, पाट, सगळ्याच्या वाटण्या फारशी कुरबुर न होता झाल्या. अडलं ते देवघराच्या भिंतीवरच्या एका तसबिरीपाशी. राजा रवि वर्मांची लक्ष्मी: कमळावर उभी, वरच्या दोन हातांत कमळं, शेजारी सोंडेत माळ घेतलेला हत्ती. चित्र छापील. अशा छापील लक्ष्म्या महाराष्ट्रात आणि गुजरातेत घरोघर होत्या, अजूनही आहेत. तरीही या एका कागदावरून दोन सख्खे भाऊ एकमेकांशी धड बोलेनासे झाले.

घरातली नात, म्हणजे थोरल्या भावाची मुलगी, लोकप्रिय संस्कृती या विषयावर एम.ए.चा लघुप्रबंध लिहीत होती आणि मी तिला मार्गदर्शन करत होते. घरच्या भांडणावर लघुप्रबंध लिहू नये असं मी विद्यार्थ्यांना एरवी सांगते. घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून माणूस लिखाणात हात आखडता घेतो. पण हे भांडण असं होतं की वर्गात महिनोन् महिने शिकवलेली उत्तर-आधुनिक विचारांची सगळी शस्त्रं त्यावर चालवून बघता येणार होती. घरच्यांनी परवानगी दिली, नावं न देण्याच्या अटीवर. म्हणून इथेही नावं नाहीत.

आधी ती तसबीर नीट बघू. चित्र हातभर उंच, त्यावर काच, भोवती काळी पडलेली लाकडी चौकट. लक्ष्मीच्या साडीच्या जागी खरं कापड चिकटवलेलं आहे आणि त्याचा काठ कुठल्यातरी शालूतून कापून घेतलेला, म्हणून काठावरची कोयरी मध्येच तुटते. मुकुटावर टिकल्या. गळ्यात बारीक मोत्यांची दोनपदरी माळ. काही मोती गळून गेल्यामुळे तिथे नुसतं सूत दिसतं. चेहरा, हात आणि पावलं मात्र छापून आली तशी मोकळी ठेवलेली. खालच्या काठाची खळ एका कोपऱ्यात सुटली आहे, तिथून कागदावरची इंग्रजी अक्षरं डोकावतात. त्यांतलं लोणावळा हे गावाचं नाव तेवढं वाचता येतं. उजवीकडे खाली कसरीने हत्तीचा एक पाय खाल्लेला. ही सगळी सजावट नातीच्या आजींच्या, म्हणजे या दोघा भावांच्या आईच्या, सासूबाईंची. घरात त्यांना माई म्हणत.

कागद आला कुठून

हे चित्र वडोदऱ्यातच असावं यात एक गंमत आहे. सयाजीराव तिसरे 1875 मध्ये गादीवर आले तेव्हा वयाने लहान होते आणि कारभार दिवाण सर टी. माधवराव बघत. 1881 मध्ये महाराजांना अधिकार मिळाले, त्या सुमाराला रवि वर्मा बडोद्यात आले. पुढे लक्ष्मी विलास राजवाड्याच्या दरबार हॉलसाठी त्यांनी 14 पौराणिक चित्रं काढली. राजवाडा 1890 मध्ये पुरा झाला. पण त्याच्याही आधी, 1884 मध्ये, माधवरावांनी चित्रकाराला एक पत्र लिहिलं होतं. तुमच्या चित्रांना मागणी इतकी आहे की दोन हातांनी ती पुरी व्हायची नाही. तेव्हा निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या छापील, प्रती काढून घ्या, असा त्याचा मथितार्थ. रवि वर्मांनी युरोपात पाठवण्याऐवजी 1894 मध्ये मुंबईत गिरगावात स्वतःचाच छापखाना काढला. यंत्रं जर्मनीतून आली, तंत्रज्ञही जर्मन, फ्रिट्झ श्लायशर नावाचे. काही वर्षांत छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि नंतर श्लायशर यांच्याच मालकीचा झाला. 1972 मध्ये तो आगीत गेला.

छपाईची रीत अशी: चुनखडीच्या सपाट दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचं, दगड ओला करायचा, पाणी तेलकट जागा सोडून बसतं आणि शाई पाणी सोडून बसते. एका रंगाला एक दगड. लक्ष्मीच्या एका चित्राला असे कितीतरी दगड लागत. शेवटी वर व्हार्निशचा हात आणि कागदावर कॅनव्हासची वीण उठवलेली, म्हणजे लांबून तैलचित्रच वाटावं. थोडक्यात, आपण प्रत आहोत हे लपवण्यासाठी या कागदाने जन्मतःच मेहनत घेतली होती.

या लक्ष्मीचं मूळ तैलचित्र 1896 चं, गायकवाडांच्या संग्रहातलं. दांडिया बाजारातून राजवाड्याच्या रस्त्याला लागलं की पायी फार वेळ लागत नाही. वाटेत कलाभवन लागतं, सयाजीरावांनी 1890 मध्ये काढलेलं. तिथे शिकलेले धुंडिराज गोविंद फाळके पुढे याच छापखान्याच्या कामात होते आणि मग 1913 मध्ये त्यांनी देवांना पडद्यावर हालतं केलं. म्हणजे राजवाडा, छापखाना आणि सिनेमा ही साखळी या दोन-तीन किलोमीटरांत जोडून दाखवता येते. पाहुण्यांना राजवाडा दाखवून आणणारे वडोदरेकर मराठी लोक हे फारसं सांगत नाहीत, म्हणून मीच सांगून टाकते.

घरातले पणजोबा संस्थानच्या कचेरीत कारकून होते. चित्र त्यांनी आणलं, बहुधा विसाव्या शतकाच्या पहिल्या एक-दोन दशकांत. लोणावळ्याचं नाव आहे म्हणजे गिरगावातल्या पहिल्या छपाईपैकी ते नाही, एवढं नक्की.

कोणाचं काय म्हणणं

थोरले बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं, चित्र विकायचं नाही आणि फ्लॅटच्या भिंतीवर टांगून त्याची माती करायची नाही. एखाद्या संग्रहालयाला द्यायचं, खाली घराण्याचं नाव असलेली पाटी लावून घ्यायची. धाकटे पुण्यात संगणकाच्या कंपनीत. त्यांना ते हॉलमध्ये लावायचं होतं, पण आधी तज्ज्ञाकडून साफ करून, वरचं कापड आणि टिकल्या काढून, आतलं ‘ओरिजिनल’ बाहेर काढून. मधल्या काळात जुन्या वस्तूंचा एक गुजराती व्यापारी येऊन गेला. त्याने चौकट उलटीपालटी केली, सुटलेल्या कोपऱ्याशी नख लावलं आणि आजींना म्हणाला, ‘बा, नीचे नाम छे, ए खुल्लुं करो तो भाव आवे.’ छापखान्याचं नाव उघडं पडलं की भाव येईल. माईंच्या शालूचा काठ नेमका त्या नावावर बसला होता.

थोरल्या सूनबाईंचं म्हणणं कोणी फारसं विचारलं नाही, पण त्यांनी ते ऐकवलं. नव्या फ्लॅटचं देवघर म्हणजे स्वयंपाकघरातलं एक कपाट. त्यात ही तसबीर उभी मावत नाही, आडवी मावत नाही. आणि कसर त्यांनीच आधी बघितली होती, कारण तसबीर पुसायचं काम त्यांचंच होतं.

आजींना सगळ्यात शेवटी विचारलं गेलं. त्या नव्वदीला टेकलेल्या, त्यांना काय विचारायचं, असा सगळ्यांचा समज. एक मत सगळ्यांनी त्यांच्या नावावर आधीच टाकून दिलं होतं: आजी भाविक आहेत, त्या ही तसबीर घराबाहेर जाऊ द्यायच्या नाहीत.

पहिला मसुदा

नातीने लिहिलेला पहिला मसुदा हुशार होता. इतका हुशार की घर त्यात कुठे दिसतच नव्हतं.

तिने सुरुवात केली होती फ्रेंच विचारवंत ल्योतारपासून. 1979 च्या पुस्तकात त्यांनी मांडलं की प्रगती, मुक्ती, इतिहासाची एकच दिशा अशा मोठ्या कथनांवरचा विश्वास उडणं ही उत्तर-आधुनिक अवस्था. मग अमेरिकन समीक्षक लेस्ली फीडलर, ज्यांनी 1969 मध्ये उच्च साहित्य आणि बाजारी साहित्य यांच्यातली खाच बुजवा असं म्हटलं. मग फ्रेडरिक जेमसन, उत्तर-आधुनिक संस्कृतीचं वर्णन करणारे मार्क्सवादी समीक्षक: सगळं पृष्ठभागावर, खोली नाही, जुन्या शैलींची नक्कल पण त्यात उपरोधही नाही. आणि मुख्य देव फ्रेंच विचारवंत बोद्रियार. 1981 च्या पुस्तकात त्यांनी प्रतिमेच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. आधी प्रतिमा वास्तव दाखवते. मग वास्तव विकृत करते. मग वास्तव नाहीच हे झाकते. शेवटी वास्तवाशी तिचा संबंधच उरत नाही, ती स्वतःचीच प्रत होते. नातीने चारही पायऱ्यांवर एकेक वस्तू ठेवली होती: राजवाड्यातलं तैलचित्र, छापील प्रत, माईंनी नटवलेली प्रत आणि मोबाइलवरून घरच्या ग्रुपवर फिरणारा तिचा फोटो. चारी वस्तू चारी पायऱ्यांवर अगदी चपखल बसल्या होत्या. सिद्धान्त इतका चपखल बसला की मला झोप येत नाही.

मी तिला दोन गोष्टी विचारल्या. पहिली, वडोदऱ्यात उच्च आणि लोकप्रिय यांच्यातली भिंत पाडायला उत्तर-आधुनिकता कशाला हवी? ती भिंत माजी दिवाणाच्या 1884 च्या पत्रातच पडली होती. दरबार हॉलमधल्या चित्रकाराने आपल्या देवता स्वतःहून बाजारात आणल्या आणि तिथून त्या काडेपेट्यांवर, कापडाच्या ठाणांच्या लेबलांवर, कॅलेंडरांवर गेल्या. भिंत नंतर बांधली गेली, आणि ती बांधणारे समीक्षक होते. हॅवेल, कुमारस्वामी यांना रवि वर्मा नाटकी आणि परक्या वळणाचे वाटले. नंतरच्या आधुनिकांना ते कॅलेंडरवाले वाटले. 1993 मध्ये दिल्लीत राष्ट्रीय संग्रहालयात मोठं प्रदर्शन झालं तेव्हा कुठे हवा बदलली. याच शहरातल्या विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स शाखेचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. शाखा 1950 ची. चित्रकला विभाग उभा करणारे ना. श्री. बेंद्रे मूळचे इंदूरचे मराठी. 1962 मध्ये भूपेन खख्खर नावाचे एक चार्टर्ड अकाउंटंट मुंबईहून इथे कलासमीक्षा शिकायला आले, आणि 1965 पर्यंत बाजारातल्या देवांची छापील चित्रं कापून कोलाजमध्ये चिकटवू लागले. पुढे त्यांनी न्हाव्याचं दुकान, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान अशी चित्रं काढली. 2016 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्यांचं प्रदर्शन भरलं. यालाच आपले लोक उत्तर-आधुनिक म्हणतात, आणि म्हणायला हरकत नाही. पण खख्खरांनी देवांची छापील चित्रं कात्रीने कापून चिकटवण्याच्या कितीतरी आधी माईंनी शालू कात्रीने कापून देवीच्या छापील चित्रावर चिकटवला होता, आणि त्यांच्यापुढे उच्च-लोकप्रिय हा प्रश्नच नव्हता.

दुसरी गोष्ट अशी की बोद्रियारच्या पायऱ्या खाली उतरतात. प्रत जितकी पुढची, तितका अर्थ कमी, अस्तित्व पातळ. त्याच विवेचनात ते बायझंटाइन मूर्तिभंजकांचं उदाहरण देतात: देवाच्या प्रतिमा फोडणाऱ्यांना भीती होती की या प्रतिमांच्या मागे कदाचित कोणी नाहीच. देवाची प्रतिमा करावी की नाही यावर रक्त सांडलं अशा परंपरेतला हा विचार आहे. तो दांडिया बाजारात जसाच्या तसा लागू होतो का, हे पुस्तकाला न विचारता आजींना विचार, असं मी तिला सांगितलं.

जर्मन विचारवंत वॉल्टर बेंजामिन यांचं नाव मी मुद्दाम शेवटी काढलं. 1936 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी म्हटलं की यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीचं तेजोवलय विरतं. एका जागी, एका काळात एकच असण्यातून आलेलं तिचं माहात्म्य प्रतीला नसतं. या घरात तर हजारोंतल्या एका प्रतीलाच तेजोवलय आलं होतं, आणि ते कोणाच्या डोळ्यांना दिसत होतं? बँकेतल्या थोरल्यांच्या आणि संगणकवाल्या धाकट्यांच्या.

‘ही बघत नाही’

नातीने तोडगा म्हणून सुचवलं की तसबिरीची उत्तम प्रत काढू, म्हणजे एकाला जुनी, एकाला नवी. रावपुऱ्यातल्या एका फोटो स्टुडिओवाल्याने घरी येऊन काचेवरूनच फोटो घेतला आणि दोन दिवसांनी नमुना पाठवला. भावांना तो पसंत पडला. रंग उजळ, साडीची जर लखलखीत.

आजींनी नमुना हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला आणि म्हणाल्या, ‘ही बघत नाही.’

नातीला वाटलं, प्रत म्हणून नको असेल. तसं नव्हतं. काचेवर दिव्याचं प्रतिबिंब पडून लक्ष्मीच्या डाव्या बुबुळात पांढरा ठिपका आला होता. नजर फुटली होती. काच काढून, बाजूने उजेड टाकून पुन्हा फोटो घेतला. दुसरा नमुना आजींनी पाहिला, मान डोलावली आणि पुढची मागणी केली: हत्तीचा पाय पुरा करून घे. स्टुडिओवाल्याने हत्तीचाच दुसरा पाय संगणकावर उचलून खाल्लेल्या जागी बसवला.

थोरले भडकले. ही बनावट झाली म्हणाले. इतिहास पुसणं झालं. आजींनी विचारलं, ‘मग भंगलेली पुजायची का?’

या एका वाक्याने नातीचा मसुदा मोडला आणि प्रबंध सुरू झाला, असं माझं मत आहे. घरातली सगळ्यात भाविक बाई प्रतीला तयार होती, दुरुस्तीला तयार होती, जुना कागद सोडायलाही तयार होती. तिच्याही अटी होत्या, आणि कडक होत्या: नजर हवी, पावलं झाकलेली नकोत, अंग अभंग हवं. चित्राचं वय, छापखान्याचं नाव, चित्रकाराची सही यांतलं काहीच तिच्या यादीत नव्हतं. तेव्हा ‘काहीही चालतं, सगळा चिन्हांचा खेळ’ हेही इथे खरं नाही. स्टुडिओवाल्याने आजन्म कोणाला नमुना नाकारताना पाहिलं नसेल इतक्या बारकाईने आजींनी तो पहिला नमुना नाकारला.

भारतात देवचित्रांचा अभ्यास करणाऱ्या क्रिस्टोफर पिनी यांनी उज्जैनजवळच्या नागद्यात वर्षानुवर्षं काम केलं. लोक या चित्रांचं करतात काय, हे त्यांनी पाहिलं: जर चिकटवतात, गंध लावतात, डोळ्याला डोळा देतात. चित्र सुंदर आहे का याच्याआधी ते आपल्याकडे बघतं का, हा प्रश्न येतो. वर्गात आम्ही ब्रिटिश माध्यम-अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांचा 1973 चा निबंध शिकवतो: पाठवणारा एक अर्थ भरून पाठवतो, घेणारा आपापल्या जागेवरून तो उलगडतो, कधी मान्य करतो, कधी तडजोड करतो, कधी उलटा लावतो. टीव्हीवरच्या बातम्यांसाठी ती मांडणी चांगली आहे. पण माईंनी चित्राचा अर्थ लावला नाही. त्यांनी कात्री, खळ आणि शालू घेऊन चित्रच बदललं. प्रेक्षक ही भूमिका इथे अपुरी पडते.

केरसुणी

नातीच्या दुसऱ्या मसुद्यातलं सगळ्यात चांगलं पान दिवाळीवर आहे. तिने फक्त लक्ष्मीपूजनाच्या पाटावर काय काय मांडलं होतं ते लिहून काढलं: तसबीर, चांदीचं एक जुनं नाणं, थोरल्यांचं बँकेचं पासबुक, लाह्या-बत्तासे आणि हळदकुंकू लावलेली नवी केरसुणी. त्या संध्याकाळी केरसुणीही लक्ष्मीच. तिला डोळे नाहीत, हात नाहीत, कमळ नाही. दुसऱ्या दिवशी ती केर काढते. पुढच्या वर्षी नवी येते.

साम्य आणि मूळ यांवर उभा असलेला कुठलाही प्रतिमाविचार या केरसुणीला अडखळतो. आपल्याकडे पूजेत सुपारीचा गणपती होतो, तांब्याचा वरुण होतो, दीड दिवसानंतर गणपतीची पुन्हा माती होते. आवाहन केलं की देवता येते, उत्तरपूजा करून अक्षता टाकल्या की जाते. उपस्थिती वस्तूत मुरलेली नसते. ती एका क्रियेने येते आणि दुसऱ्या क्रियेने संपते. अशा व्यवहारात प्रत ही अडचण नाही, उलट सोय आहे. ‘मूळ नाहीसं झालं’ ही बातमी ज्यांना धक्का देते ते लोक आधी संग्रहालयाच्या सवयीत वाढलेले असतात. उत्तर-आधुनिक विचाराने त्या सवयीला सुरुंग लावला हे त्याचं मोठंच काम. पण ती सवय म्हणजे सगळ्या माणसांचीच सवय, असं तो गृहीत धरून चालला.

यात आजींना देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. त्यांच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंकडे तीच लक्ष्मी किराणा दुकानाच्या कॅलेंडरवर आहे, दरवर्षी नवी आणि फुकट. देवळात ज्यांना पाऊल टाकू दिलं जात नव्हतं त्यांच्या घरात छापखान्याने देव पोचवला, असं रवि वर्मांबद्दल नेहमी सांगितलं जातं. पण आजींनी इतक्या वर्षांत या बाईंना देवघरात येऊ दिलं नव्हतं, हेही नातीने नोंदवलं आहे. ते लिहिताना तिला जड गेलं. ठेव म्हटलं, तिने ठेवलं.

वाटणी

जुन्या तसबिरीचं काय, यावर आजींचं उत्तर तयार होतं: वाहत्या पाण्यात सोडा. ऐकून दोघे भाऊ पहिल्यांदा एका बाजूला आले. वारसा, शंभर वर्षं, रवि वर्मा, असं दोघंही एका सुरात बोलू लागले. सूनबाई म्हणाल्या, विश्वामित्रीत सोडायची तर आधी मगरींना विचारा. (परगावच्यांसाठी: वडोदऱ्याच्या मधून जाणाऱ्या या नदीत खरोखरच मगरी आहेत.)

तिढा आजींनीच सोडवला. एका सकाळी त्यांनी जुन्या तसबिरीची नेहमीची पूजा केली, नवी शेजारी ठेवली, तिला हळदकुंकू वाहिलं, मग जुनीवर अक्षता टाकल्या आणि ‘पुनरागमनाय च’ म्हणून हात जोडले. मग धाकट्याला म्हणाल्या, ‘आता ने. आता कागद आहे तो.’

धाकट्यांनी तो पुण्याला नेला. नातीने काकाकडून एक कबुली घेतली होती, की कापड आणि टिकल्या काढायच्या नाहीत. त्या काढल्या तर उरेल ती बाजारातली एक प्रत, आणि तशा इतर शेकडो मिळतील; माईंनी केलेली ही एकच आहे. कबुली त्यांनी पाळली. कसर थांबवण्याची प्रक्रिया करून, बिनआम्लाचा कागद मागे लावून चित्र आता त्यांच्या हॉलमध्ये आहे. छापखान्याचं नाव अजून काठाखालीच आहे. त्यांच्या लेखी ते घराण्यातलं ओरिजिनल. आजींच्या लेखी देवता तिथून निघाली आहे. एकाच वस्तूबद्दल मायलेक असे दोन टोकांना आणि तरी भांडण नाही, ही स्थिती मला कोणत्याही समेटापेक्षा बरी वाटते. थोरल्यांना संग्रहालयाची पाटी मिळाली नाही, ते थोडे नाराज आहेत.

नवी प्रत देवघराच्या कपाटात मावेल एवढीच काढली. तिच्यात जर आहे, पण फोटोतली. बोट फिरवलं तर सगळं सपाट. आजींनी नातीला मांडवीतून जरीची बारीक लेस आणायला लावली आणि फेविकॉलने ती फोटोतल्या काठावर, काठाच्या रेषेत चिकटवून घेतली. तुटलेली कोयरी त्यामुळे झाकली गेली. नात म्हणाली, आजी, ती माईंची खूण होती. आजी म्हणाल्या, ‘माईंनी पण कोणाचं तरी झाकलंच होतं ने?’

प्रबंध बांधायला जायच्या आठवड्यात एक वेगळंच त्रांगडं पुढे आलं. स्टुडिओवाल्याने फाइल ठेवून घेतली होती. धनत्रयोदशीच्या सुमाराला त्याच्या दुकानाबाहेर तीच लक्ष्मी तीन आकारांत टांगलेली दिसली: माईंच्या शालूसकट, संगणकाने जोडलेल्या हत्तीच्या पायासकट. गिऱ्हाईक बरं होतं म्हणे. थोरले जाब विचारायला निघाले. रवि वर्मा 1906 मध्ये गेले, त्यांच्या चित्रावर आता कोणाचा हक्क नाही. पण वरची सजावट? ती करणारी बाई कोण, कधी गेली, तिचा वारस कोण, असे प्रश्न दुकानात उभं राहून सुटण्यातले नव्हते. आजींना यात गैर काही वाटलं नाही, चार घरी जाते आहे तर जाऊ दे म्हणाल्या. स्टुडिओवाल्याने थोरल्यांना एक मोठी प्रत निम्म्या किमतीत देऊ केली.

प्रबंधात हे चित्र छापायचं तर खाली ओळ काय द्यायची, यावर आमचं शेवटपर्यंत चाललं होतं. ठरलेल्या नमुन्यात कलाकारासाठी एकच रकाना असतो. नातीने तो मोडला आणि ओळीखाली ओळ लिहिली: चित्र राजा रवि वर्मा, छपाई लोणावळा, कापडकाम माई, घरातली सून, साल माहीत नाही, हत्तीचा पाय, फोटो स्टुडिओ, रावपुरा. माईंचं खरं नाव तिने आजींना विचारलं. आजींनी माहेरचं सांगितलं आणि सासरचंही. पण नावं न देण्याची अट घरच्यांचीच होती, त्यामुळे छापताना माई हेच राहिलं.